तिसरा रकाना

सुभेदार,

तुमच्या पित्तनळीत नेमकं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही, आणि आता कळण्याची सोयही उरली नाही. तुमचं तेरावं होऊन आठवडा झाला. एन्डोस्कोपीच्या खोलीत शिरले की मी अजून आधी कोपऱ्यातल्या लोखंडी स्टुलाकडे बघते. तिथे आता नवा टेक्निशियन बसतो. हुशार आहे, हात हलका आहे, पण मी काही बोलायच्या आधीच मान हलवतो. तुम्ही अकरा वर्षांत एकदाही बघितल्याशिवाय मान हलवली नाहीत. त्याचा मला किती राग यायचा हे तुम्हाला माहीत आहेच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत धीर राहायचा नाही. त्या दिवशी वॉर्डात तुम्ही मला विचारलंत, "कितीला किती?" मी म्हणाले, "तीन-दोन. चांगल्या बाजूनं." ते खरं नव्हतं. त्यानंतर तुम्ही ऑपरेशन नको म्हणालात आणि थांबलात. थांबल्यामुळे तुम्ही गेलात, आणि थांबलात ते माझ्या शब्दावर, हा हिशेब मी तुम्ही गेलात त्या दिवसापासून मनात घोळवत होते. ह्या पत्रात मला तेवढंच बघायचंय, हा हिशेब बरोबर होता की नाही. बाकीचं तुमच्याशी गप्पा मारायच्या म्हणून.

सागर म्हणाला, लिहाच मॅडम, आम्हालाही वाचायला द्या. आपला सागर, कवठे महांकाळचा, ज्याला तुम्ही "आमचं कोरडवाहू डॉक्टर" म्हणायचा. म्हणजे हे तुमच्याखेरीज इतरही वाचणार. त्यांच्यासाठी दोन शब्द सांगावे लागतील, तुम्ही तेवढं सहन करा.

यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी नळी असते, शिसपेन्सिलीएवढी जाड. कधी कधी ती मध्येच आवळते. पित्त तुंबतं आणि माणूस पिवळा पडतो. ती का आवळली हा खरा प्रश्न. जुन्या खड्याने घासून व्रण झाला असेल तर आत प्लास्टिकची छोटी नळी, म्हणजे स्टेंट, घालून भागतं. कॅन्सर असेल तर पोट उघडून मोठं ऑपरेशन, आणि तेही वेळेत. चिमट्याने काढलेला तुकडा तिळाएवढा निघतो आणि कितीदा त्यात काहीच सापडत नाही. मग उरतं ते तोंडातून आत सोडलेल्या बारीक कॅमेऱ्याने दाखवलेलं चित्र, आणि ते बघणारे आमचे डोळे. ते डोळे किती भरवशाचे, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता. तो पडला तुम्हाला.

तुम्ही सैन्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे आलात तेव्हा पहिल्याच दिवशी मला सलाम ठोकला होता. नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती झालात आणि नायब सुभेदार होऊन बाहेर पडलात. त्यातलं 'नायब' आम्ही परस्पर गाळून टाकलं आणि तुम्ही हरकत घेतली नाहीत. सोमवार ते शनिवार सांगली, शनिवारी संध्याकाळच्या गाडीने फलटणकडचं तुमचं गाव, सोमवारी पहाटे परत. डब्यात तुमच्या घरच्यांनी, आमच्या काकींनी, दिलेली खपली गव्हाची खीर असायची. मी जैन म्हणून कांदा-लसणाचं कालवण तुम्ही माझ्यापुढे उघडत नव्हतात. मी कांदा खाते हे तुम्हाला कळायला तीन वर्षं लागली, आणि कळल्यावर तुम्हीच जास्त नाराज झालात.

पाचगणीच्या त्या बाई आठवतात? तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. अंगाला खाज, डोळे पिवळे, नळी आवळलेली. मी कॅमेरा आत घातला, पडद्यावर जाड जाड रक्तवाहिन्या दिसल्या, आणि मी मोठ्याने म्हणाले, "हे वाईट आहे." मागे चार डॉक्टर उभे होते. चौघेही हो म्हणाले. ऑपरेशन झालं, पाच तासांचं. काढलेल्या तुकड्यात कॅन्सरचा मागमूस नव्हता. जुन्या खड्याचा व्रण. बाई वाचल्या, पण पुन्हा पातेलं उचलण्याइतक्या व्हायला त्यांना वर्ष गेलं.

रिपोर्ट आला त्या दुपारी मी खोलीत एकटीच बसले होते. तुम्ही कॅमेऱ्यातून नळीत सरकवायच्या तारा पुसत होतात. न वळताच विचारलंत, "म्याडम, तवा आधी कोण बोललं?"

"मी."

"मग बाकीच्या चौघांनी काय बगितलं?"

"पडदा बघितला. दुसरं काय बघणार?"

"न्हाई. त्यांनी तुमच्याकडं बगितलं."

मी तुम्हाला बाहेर जायला सांगितलं. तुम्ही तारा घेऊन बाहेर गेलात, व्हरांड्यात बसून पुसल्यात आणि परत आणून जागेवर ठेवल्यात. मग ती गोष्ट सांगितलीत. बर्फातली चौकी, सकाळची वेळ, समोरच्या उतारावर काहीतरी काळं. दुर्बिणीतून बघून सगळ्यात मोठा हवालदार म्हणाला, माणूस हाय. त्यासरशी सगळ्यांना माणूस दिसायला लागला. एकाला तर त्याच्या खांद्यावरची बंदूकपण दिसली. तुम्हालाही दिसली, हे तुम्ही कबूल केलंत. निघालं अस्वल. त्यानंतर तुमच्या साहेबांनी नियम घातला, की ज्याने त्याने बघायचं, आपापल्या कागदावर लिहायचं, आणि वाचताना सगळ्यात धाकट्याने आधी वाचायचं, साहेबाने शेवटी.

"आधी लिवायचं, मग बोलायचं," तुम्ही म्हणालात. "लय सोपं हाय. फकस्त मोठ्या मानसाला जड जातं."

आपल्या चिठ्ठ्या तिथून सुरू झाल्या. पोस्टकार्डाच्या अर्ध्याएवढा कागद, मधोमध रेघ, एकीकडे 'चांगलं', दुसरीकडे 'वाईट'. प्रत्येक चित्र पाचजणांनी आपापलं बघायचं, खूण करायची, खाली कारण एका शब्दात लिहायचं, घडी घालून तुमच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. नाव लिहायचं नाही. डब्याला तुम्ही पितळी कुलूप लावलंत. तुम्ही चिठ्ठ्या उघडायचात, "चार-एक" किंवा "पाच-शून्य" असं पुकारायचात, आणि गठ्ठा दोऱ्याने बांधून परत आत ठेवायचात.

पहिल्या महिन्यात पाच-शून्य फार कमी वेळा ऐकू आलं. मला वाटायचं की पुकारण्यात तुमची काही चूक होतेय. एकच नळी, एकच पडदा, पाच शिकलेली माणसं, आणि तीन-दोन? मोठमोठ्या ठिकाणच्या तज्ज्ञांचंही असंच होतं हे मी नंतर वाचलं. पण वाचून कळणं वेगळं. डब्यातून आपलीच चिठ्ठी एकटी निघालेली बघणं फार झोंबतं.

मग तुम्ही तो उद्योग केलात. दीड महिन्यापूर्वीचं एक चित्र तुम्ही उलटं करून, वरची बाजू खाली, नव्या चित्रांच्या गठ्ठ्यात सरकवलंत. मी इमानदारीत बघितलं, खूण केली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी. एकीवर 'चांगलं', एकीवर 'वाईट'. चित्र तेच. नावं नव्हती, पण दोन्हींना माझ्या चार घड्या होत्या. बाकी सगळे एक घडी घालतात. मला लहानपणापासून चारची सवय. आमच्या बेदाण्याच्या पेढीवर वडील पुडी बांधायचे तशी.

"तुम्ही माझी परीक्षा घेताय?" मी म्हणाले.

"तुमची न्हाई. डोळ्याची."

"डोळे माझेच आहेत ना?"

"त्येच तर."

आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. सिस्टरकडून निरोप पाठवायची आणि तुम्ही सिस्टरकडून उत्तर पाठवायचात. तीन फुटांवर उभं राहून. सिस्टर वैतागून म्हणाली, मॅडम, माझा पगार वाढवा. नवव्या दिवशी मीच विचारलं, कारण राग आला तरी मला ते सोडवत नव्हतं. मीच, त्याच डोळ्यांनी, तेच चित्र, आणि दोन उत्तरं. का?

तुम्ही सगळं लिहून ठेवलेलं होतं. पहिल्या वेळी चित्राबरोबर आम्हाला सांगितलं होतं की पेशंट तिशीतला आहे. दुसऱ्या वेळी वयच दिलं नव्हतं. त्याच सकाळी आपण एक वाईट पेशंट बघितला होता. म्हणजे मी नळी बघत होते असं मला वाटत होतं, आणि प्रत्यक्षात मी वय बघत होते, सकाळचा पेशंट बघत होते. त्या दिवशी आपण दोघं जेवायची वेळ टळून गेली तरी बोलत होतो. इतकी मजा मला शिकताना पुस्तकांत आली नव्हती. मी हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. आठ दिवस फुगून बसल्यावर लगेच कौतुक करायला माझी जीभ रेटली नाही.

आणि ते ताट. चिठ्ठ्यांवरची कारणं वाचता वाचता तुमच्या लक्षात आलं की खूण वेगळी असली तरी शब्द तोच असतो. दोघांनी लिहिलंय 'खडबडीत', एकाने 'चांगलं'खाली, एकाने 'वाईट'खाली. सोमवारी तुम्ही गावाहून पिशवी घेऊन आलात आणि मीटिंगच्या टेबलावर स्टीलचं ताट मांडलंत. त्यात कारलं, दोडका, सीताफळ, गुळाचा रवाळ खडा, भाकरीचा तुकडा आणि मूठभर बेदाणे.

"ह्यातलं खडबडीत कंचं? बोट ठेवा. आधी लिवा, मग ठेवा."

पाच डॉक्टर ताटाभोवती. दोघांनी कारलं लिहिलं, एकाने दोडका, एकाने सीताफळ आणि सागरने गूळ. वर्षभर आम्ही एकमेकांना खडबडीत खडबडीत म्हणत होतो आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी भाजी होती. हसून हसून पुरेवाट झाली. पण खरा घाव पुढे होता, तो माझ्यावर.

"आता सुरकुतलेलं कंचं?"

इथे सगळ्यांचं एकमत झालं, बेदाणा. तुम्ही खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढलात. नावं नसली तरी आमची अक्षरं तुम्हाला पाठ होती. "म्याडमनी जवा जवा सुरकुतलेलं लिवलंय, तवा तवा खूण चांगल्यावर हाय. सागर डाक्टरनी लिवलंय तवा वाईटावर." मी म्हणाले, योगायोग असेल. तुम्ही गठ्ठा माझ्यापुढे सरकवलात. योगायोग नव्हता. मी बेदाण्याच्या घरात वाढले. आमच्याकडे सुरकुती नीट पडली म्हणजे माल उत्तम वाळला, वडील दाणा उजेडात धरून हसायचे. सागरच्या शिवारात पिकाला सुरकुती पडली म्हणजे पाऊस गेला, पीक हातचं गेलं. दोघंही एकाच नळीची घडी बघत होतो आणि तो बापाचं शेत बघत होता, मी बापाची पेढी. नळीपर्यंत आमच्यातलं कुणी पोचतच नव्हतं.

त्या ताटानंतर आपण शब्द ठरवून घेतले. खडबडीत म्हणजे कारलं, दुसरं काही नाही. सुरकुतलेलं हा शब्दच बंद. मग चार-एक, पाच-शून्य वाढले. सगळे वाद मिटले असं नाही, पण निदान भांडण एका भाजीवरून व्हायला लागलं.

एक भांडण मात्र शेवटपर्यंत राहिलं, तिसऱ्या रकान्याचं. तुमचं म्हणणं, चिठ्ठीवर आणखी एक रेघ मारा आणि लिहा, 'कळत नाही'. मी साफ नाही म्हणाले. पळवाट दिली की सगळे तिकडूनच पळतील. डॉक्टरने ठरवायचं असतं, त्याचेच तर पैसे मिळतात.

"चौकीवर धुकं असलं की आमी लिवायचो, दिसलं न्हाई. साहेब कवा रागावला न्हाई. न दिसता दिसलं म्हटलं की मग मार हुता."

"सुभेदार, पेशंट माझ्याकडे 'कळत नाही' ऐकायला येत नाही."

"मग खोटं ऐकायला येतो व्हय?"

चिठ्ठ्या दोनच रकान्यांच्या छापून आल्या.

आता तुमच्या डोळ्यांची गोष्ट. तुम्हाला आरशात डोळे पिवळट वाटले. दुसरा कुणी असता तर सरळ माझ्याकडे आला असता. तुम्ही काय केलंत? सिस्टरला, गेटवरच्या वॉचमनला आणि सागरला वेगवेगळं गाठून, "माजे डोळे बगा आणि कागदावर लिवा." सिस्टरने लिहिलं, होय. वॉचमनने लिहिलं, थोडे. सागरने लिहिलं, नाहीत, ट्यूबलाइटमुळे वाटतंय. तीन चिठ्ठ्या घेऊन तुम्ही माझ्या दारात उभे राहिलात. "दोन-एक हाय म्याडम. रक्त काढू का?" मी हसले. तुमची बाही वर सरकवली तेव्हा हातभर खाजवल्याचे ओरखडे दिसले आणि मग मला हसू आवरतं घ्यावं लागलं.

स्कॅनमध्ये नळी मध्येच आवळलेली. सर्जन म्हणाले, तुम्ही आत जाऊन बघा, तुम्ही वाईट म्हणालात तर मी कापतो. वय त्रेसष्ट, साखर आहे, ऑपरेशन झेपेल पण सोपं नाही. चांगलं म्हणालात तर स्टेंट घालून तीन महिन्यांनी परत बघू.

अकरा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही टेबलावर होतात आणि स्टूल रिकामं होतं. मी आत गेले. तार अडली की "जरा मागं या म्याडम" म्हणणारं कुणी नव्हतं. तुमच्या नळीची भिंत दिसली. काही वाहिन्या जाड, पण वाकड्यातिकड्या नाहीत. एका कडेला पांढरट व्रणासारखं काही. त्याच्या शेजारी बारीक उंचवटे, कारलं म्हणावं तर कारलं, नाही म्हणावं तर नाही. मी फार वेळ बघत राहिले. चित्र गोठवलं. चिमट्याने तुकडे काढले, ज्यांत पुढे काहीच निघालं नाही. स्टेंट घालून बाहेर आले.

पाचजणांनी चिठ्ठ्या टाकल्या. डबा उघडायला तुम्ही नव्हतात, चावी माझ्याकडे दिली होतीत. दार लावून मी मोजल्या. दोन चांगलं. दोन वाईट. पाचवी माझी. चार घड्या, आणि आत काही नाही. पेन हातात धरून मी पाच मिनिटं उभी होते आणि कुठल्याच रकान्यात हात गेला नव्हता. मी सगळ्या चिठ्ठ्या परत डब्यात टाकल्या, कुलूप लावलं आणि वॉर्डात आले.

तुम्ही उशीला टेकून बसला होतात. काकी शेजारी मोसंबं सोलत होत्या. त्यांच्या हातात सुरी तशीच थांबली.

"कितीला किती?"

काय झालं मला ते अजून कळत नाही. भीती होती, माया होती, आणि तुमच्यासमोर 'कळत नाही' म्हणायची लाजही होती. इतकी वर्षं जो रकाना तुम्हाला नाकारला त्यात तुमच्याच अंथरुणाशी जाऊन उभं राहायचं? मी म्हणाले, "तीन-दोन. चांगल्या बाजूनं." काकींनी देवाचं नाव घेतलं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, पडद्याकडे बघायचात तसं, घाई न करता. मग म्हणालात, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सिस्टरकडून डबा मागवून घेतलात. मी विचारलं तर म्हणालात, "माजा गठ्ठा बांदायचा ऱ्हायलाय. दुसऱ्याला दोरा बांदता येत न्हाई." मला ते तुमच्या स्वभावाला धरूनच वाटलं. मी चावी दिली. दुपारी सर्जनसमोर तुम्ही सांगितलंत, ऑपरेशन नको, थांबतो, तीन महिन्यांनी बघू. मी खोलीतून बाहेर पडत होते तेव्हा मागून म्हणालात, "म्याडम, आता तरी तिसरा रकाना घाला."

"बरे व्हा आधी, मग भांडू," मी म्हणाले. मला वाटलं, जुनंच भांडण उकरताय.

दोन महिने तुमचे चांगले गेले. पिवळेपणा उतरला, खाज थांबली. फोनवर सांगायचात की ऊस कारखान्याला गेला, शिरवळ्या खाल्ल्या, नातीला सायकल शिकवतोय. प्रत्येक फोन झाला की मी ठरवायची, पुढच्या वेळी खरं सांगायचं. पुढच्या वेळी तुमचा आवाज खुशीत असायचा. मग एका सकाळी तुम्हाला गावी हुडहुडी भरली. काकींना वाटलं साधा ताप. स्टेंट वेळेआधीच तुंबला होता, पित्तात पू झाला आणि तो रक्तात उतरला. सांगलीला आणेपर्यंत तुम्ही आम्हाला ओळखत नव्हतात. मी स्टेंट बदलला, होतं नव्हतं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. त्या धावपळीत नळीची भिंत परत बघायला मिळाली नाही. ती आवळण चांगली होती की वाईट, ते तसंच राहिलं.

मी वेळेवर खरं बोलले असते तर तुम्ही ऑपरेशन निवडलं असतं का? ऑपरेशनमध्ये वाचला असतात का? की ते पाचगणीच्या बाईंसारखं फुकट ठरलं असतं? ह्या तिन्ही प्रश्नांवर मी डोकं आपटून घेतलं. आणि एक चौथाही होता, तो सगळ्यांत जास्त टोचत होता. आम्हा पाचजणांपेक्षा तुम्ही जास्त नळ्या बघितल्या होत्या. प्रत्येक चित्र गोठवणारा हात तुमचा होता. तरी अकरा वर्षांत मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही, की सुभेदार, तुम्हाला काय दिसतंय? तुम्ही कधी चिठ्ठी भरली नाहीत कारण आम्ही कधी दिलीच नाही.

तेराव्याला तुमच्या गावी आले. जेवणं आटोपल्यावर काकींनी मला आतल्या खोलीत नेलं आणि कपाटातून डबा काढला. तुम्ही घरी गेल्यापासून आम्ही चिठ्ठ्या साध्या खोक्यात टाकत होतो, हा हॉस्पिटलातच कुठेतरी ठेवलेला असेल असं मला वाटत होतं.

"आवं म्याडम, ह्यो तुमाला द्यायचा हाय. दवाखान्यातनं घरी आलं तवाच सांगून ठेवलं हुतं त्येनी. म्हनलं, मला कमीजास्त झालं तर म्याडमच्या हातात द्यायचा, पोस्टानं न्हाई." त्यांनी गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला बांधलेली चावी सोडवली. "म्हनलं, त्या सवताला लय दोष देत बसतील. त्यांस्नी म्हनावं, वरचीच चिठ्ठी बगा."

मी काकींसमोरच डबा उघडला. वरती माझी चिठ्ठी होती, चार घड्यांची. घड्यांवरून ती पुन्हा उघडून तशीच मिटलेली दिसत होती, अगदी कड जुळवून. आत माझे दोन्ही रकाने कोरे. उजव्या बाजूला, पट्टी लावून, तुमच्या तांबड्या-निळ्या पेन्सिलीच्या निळ्या टोकाने तुम्ही तिसरी रेघ मारली होतीत. वर लिहिलं होतं, 'कळत नाही'. खाली बरोबरची खूण. कारणाच्या जागी, एका शब्दाचा नियम पाळून, 'धुकं'. आणि त्याखाली, 'वाचलं. थांबतो.' तारीख त्या दिवसाची, ज्या सकाळी तुम्ही गठ्ठा बांधायचा म्हणून डबा मागवलात. तुमचा निर्णय दुपारचा होता.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही माझ्या शब्दावर थांबला नव्हतात. दोन-दोन आणि एक कोरी, हे स्वतः मोजून, सगळं धुकं समोर ठेवून तुम्ही थांबलात. आणि दोन महिने फोनवर मला उसाच्या गोष्टी सांगत राहिलात, एकदाही टोमणा न मारता, मीच बोलेन म्हणून वाट बघत. शिवाय त्याच चिठ्ठीवर तुम्हाला काय दिसतंय तेही सांगून टाकलंत. अकरा वर्षांत तुम्ही भरलेली ती एकच चिठ्ठी. मी काकींच्या पलंगावर बसून खूप रडले, आणि काकी मला पाणी देत होत्या, उलटा न्याय.

नव्या चिठ्ठ्या परवा छापून आल्या. तीन रकाने आहेत. पळवाट होईल म्हणून मी भीत होते, पण पहिल्या दिवशी तिसऱ्या रकान्यात एकच खूण पडली आणि ती माझी होती. शब्दांची यादी सागरने भिंतीवर लावलीय, कारल्याच्या चित्रासकट. आता ज्याची चिठ्ठी त्यानेच वाचायची, धाकटा आधी वाचतो, मी शेवटी.

तुम्हाला सगळं माहीत होतं हे खरं. पण तुम्ही विचारलं होतंत आणि उत्तर द्यायचं काम माझं होतं. तुम्ही ते डब्यातून काढून घेतलंत, मी दिलं नाही. म्हणून ते आता देते.

तुम्ही विचारलंत, कितीला किती.

दोन-दोन, सुभेदार. आणि माझी कोरी.